टोपीवाल्या खारीचा रॅप

अगं मुक्ता, फोनवर असलीस तरी आजीजवळ बसल्यासारखं ऐक. रागावलेय मी तुझ्यावर. परवा हळदीकुंकवाला मंडळाच्या बाईंनी तुझा रॅप अर्ध्यावर तोडून माईक काढून घेतला, तर तू ‘सॉरी’ कशाला म्हणालीस?

आज शेजारच्या चिंगीला पाहिलं. टीव्हीवर कार्टून लागलं होतं आणि ती वरणभात सोडून चमच्यानं ताटलीवर ठेका धरत होती. माझं डोकं पुन्हा तापलं. "कार्टूनच्या गाण्यावर कसला गं रॅप? एखादं भावगीत म्हण," म्हणे त्या मंडळाच्या बाई! आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

त्यांना काय ठाऊक? पाच वर्षांची तू, ‘आजी’ म्हणतानासुद्धा अडखळायचीस. पाहुणे आले की पडद्यामागे लपायचीस. कार्टूनमधल्या त्या टोपीवाल्या खारीचं गाणं लागलं, की मात्र तिच्याबरोबर धाडधाड म्हणायचीस, एक अक्षर अडायचं नाही. मी गॅस बंद करून ऐकत उभी राहायचे. ज्या गाण्यानं लेकराची जीभ मोकळी केली, ते हलकं कसं? मूल जिथं बोलायला शिकतं, तिथूनच त्याचं गाणं येणार ना? मग त्याचं घराणं विचारणाऱ्या ह्या कोण?

तुझी आई सांगते, तू रॅपची वही माळ्यावर टाकलीस. ते मला चालणार नाही. रविवारी त्या सगळ्याजणींना मी चहाला बोलावलंय. तुझा रॅप पुरा होईपर्यंत कुणाला कप मिळायचा नाही. तू मात्र जरा लवकर ये गं.