वळणावरचा आवाज

आमची जुनी फोर-बाय-फोर जीप द्वारकेतल्या सोसायटीच्या गेटमधून वळली की खालून कट्-कट् आवाज यायचा आणि चाकं अडल्यासारखी व्हायची. मेकॅनिकने बेअरिंग बदलली, आणखी काय काय बदललं. त्याच्याकडून आणली की गाडी गप्प, दुसऱ्या सकाळी परत तेच. मी त्याला वाट्टेल ते बोललो.

एकदा लवकर खाली उतरलो. बाबा नेहमीप्रमाणे गाडी पुसत होते. फौजेत त्यांनी जन्मभर पहाडात गाड्या चालवल्या. पुसून झाल्यावर ते आत बसले आणि छोटा गिअर ओढून त्यांनी चारही चाकं इंजिनला जोडली, घसरड्या रस्त्यावर जोडतात तशी. कोरड्या डांबरी रस्त्यावर अशी गाडी वळताना कटकटणारच.

"बाबा, हे कशाला?"

"वर बर्फ पडलाय. कॉन्व्हॉय निघेल आता."

जूनचं ऊन सकाळीच भाजत होतं.

आता ते वर घरी गेले की मी गिअर गुपचूप मागे घेतो. एखाद्या दिवशी विसरतो. मग गेटपाशी आवाज येतो आणि शेजारी बसलेले बाबा काळजीने विचारतात, "काहीतरी बिघडलंय रे. कुणाला दाखवलंस का?"