चिकूची बदली आणि मागचं वजन

रेवा, ओम, तुमचं चिकूचं झाड आता फाटकाजवळ नाही. व्हिडिओ कॉलवर तुम्ही ते दाखवायला सांगता आणि मी मांजर दाखवते, हे रेवाच्या लक्षात आलं आहे. म्हणून झालं ते लिहूनच सांगते.

फाटकाजवळचा रस्ता रुंद होणार होता. झाड तोडा, असं सगळ्यांचं मत पडलं. पण तुम्ही दोघांनी लावलेलं झाड ते! तुम्ही गेल्यापासून संध्याकाळचा चहा मी त्याच्याशेजारी घेते. (कप दोनच असतात, तिसरा, चौथा आणायची सवय मोठ्या कष्टाने मोडली.) "ते हलवायचं," मी सांगितलं. आजोबांनी पुतण्याला, म्हणजे तुमच्या बाळूकाकाला, ट्रॅक्टर घेऊन बोलावलं.

ट्रॅक्टरला पुढे माती उचलायचा लोडर होता. त्याची इंग्रजी पुस्तिका मी आधीच वाचून ठेवली होती. पुढे ओझं उचलायचं तर मागे वजन हवंच. नाहीतर मागची चाकं उचलली जातात.

"काकू, येवढ्याशा झाडाला कशाला?" बाळू म्हणाला.

मी ऐकते थोडीच! पाण्याचे दोन मोठे ड्रम भरून मागे बांधायला लावले. मग झाड मुळांच्या मातीसकट उचललं आणि गोठ्यामागच्या खड्ड्यापर्यंत डौलात गेलं. माझी मान ताठ.

खड्डा मात्र कोरडा ठणठणीत, आणि लाईट गेल्याने मोटार बंद. झाड खड्ड्यावर धरून बाळू थांबला; आजोबा हौदावरून बादली आणायला गेले. ऊन कडक, मुळांची माती सुकायला लागलेली. आणि माझ्यासमोर दोन भरलेले ड्रम, तोट्यांसकट! पाणी नुसतं बांधून ठेवलेलं दुष्काळी शेवगावकडच्या बाईला बघवत नाही. (याहून बरं समर्थन अजून सुचलेलं नाही.) मी पाइप लावला आणि तोट्या सोडल्या.

पाणी खड्ड्यात गेलं. मग मागची चाकं सावकाश वर आली आणि ट्रॅक्टर झाडासकट खड्ड्यात वाकला.

"काकू," बाळू वरून म्हणाला, "मागचं पानी कुठं गेलं?"

"झाडाला."

आजोबा बादली घेऊन आले आणि बघत राहिले. "मॅडम, पुस्तिका शेवटपर्यंत वाचली होती ना?"

बाळूला काही लागलं नाही. ड्रममध्ये दगड भरले तेव्हा चाकं टेकली. झाड चिखलात तिरकं बसलं होतं. सरळ करताना मुळं तुटतील म्हणून तसंच बुजवलं. पुढे सगळी पानं गळाली. तेव्हा तुम्हाला काय दाखवणार होते?

आता नवी पानं आली आहेत. झाड तिरकं आहे, पण जगलं आहे. लिंबाएवढे चिकू धरलेत. पिकतील तेव्हा तुम्ही इथे असावं, असं फार वाटतं. पाणी आजोबा घालतात. मला तोटीला हात लावायची परवानगी नाही.