न केलेल्या गुन्ह्याची क्षमा

माझ्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. मधली दोन पीठ मळायच्या यंत्राने नेली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक बोलताना माझ्या तोंडाकडे कमी आणि हाताकडे जास्त बघतात आणि मग गोष्ट तिथेच अडकते. गोष्ट माझी नाही. मोठीची आहे.

मोठी म्हणजे दोघी बहिणींतली मोठी. आम्ही तिघं एकाच बेकरीत होतो. ती मळणीवर आणि भट्टीवर, तिची धाकटी बहीण तिच्या हाताखाली, आणि मी पोती उचलण्यापासून ट्रे लावण्यापर्यंत पडेल ते काम करायचो. मोठी पिठाच्या गोळ्यावर दोन बोटं टेकवायची आणि सांगायची, "अजून दहा मिनिटं." घड्याळ लावून बघितलं तरी दहाच. मालकसुद्धा तिला विचारल्याशिवाय भट्टीचं दार उघडायचा नाही. जीभ मात्र तिखट. एखादा पाव चपटा निघाला की म्हणायची, "यावर कोण बसलं होतं?" आईबाप लवकर गेले, त्यामुळे धाकटीला तिनेच वाढवलं. तिच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत पोचवलं आणि शेवटी स्वतःच्या शेजारी यंत्रापाशी उभं केलं.

त्या यंत्राच्या तोंडावर लोखंडी जाळी असायची. जाळी असली की पीठ ओतायला वेळ लागतो, म्हणून घाईच्या दिवशी ती काढून ठेवायचा मोह सगळ्यांनाच व्हायचा. मोठी कोणाला हात लावू द्यायची नाही. एका दुपारी मी बोलता बोलता सवयीने जाळीवरचं पीठ झटकायला गेलो. न बघता हात टेकवला. जाळी नव्हती.

चौकशी मालकाच्या खोलीत झाली. मी हाताला पट्टी बांधून खुर्चीत बसलो होतो. यंत्रावर त्या दिवशी दोघी बहिणीच होत्या, त्यामुळे प्रश्न एवढाच होता, की दोघींपैकी कोण. धाकटी ढसाढसा रडत म्हणाली, "ताईने काढली." मोठी तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मी काढली नाही." एकदाच म्हणाली. रडणाऱ्या माणसावर लोकांचा चटकन विश्वास बसतो. मोठी रडली नाही, तेच तिला नडलं.

तिची नोकरी गेली. पाठीमागे लोक तिला 'जाळीवाली' म्हणू लागले आणि मग कुठल्याच बेकरीने तिला दारात उभं केलं नाही. जिच्या हातात पीठ बोलायचं, ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालू लागली. धाकटी वर्षभरात लग्न करून लांब निघून गेली. फोन नाही, पत्र नाही.

आणि मी काय केलं? मी मोठेपणा केला. रविवारी चर्चच्या उपासनेत उभा राहिलो, जायबंदी हात छातीशी धरला आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणालो, प्रभूने मला क्षमा केली तशी मीही ताईंना क्षमा करतो. बायका डोळे पुसू लागल्या. पाळकांनी येऊन मला मिठी मारली. मोठी मागच्या बाकावर होती. तिने मान हलवली म्हणे. होकाराची की नकाराची ते मी बघितलं नाही, मी मिठीत होतो. पुढे कित्येक वर्षं लोक पोरांना माझं उदाहरण द्यायचे आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं.

पाळकांनी एक बरं केलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळी मंडळी एकाच पावाचे तुकडे खातात, त्यासाठीचा पाव करायचं काम त्यांनी मोठीला दिलं. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये महिन्यातून एक पाव, एवढाच तिचा धंदा उरला. या पावाचा आमच्याकडे एक नियम आहे. फार पूर्वी उरलेले तुकडे कोणीतरी कोंबड्यांना घातले, त्यावरून दोन घरांत इतकं वाजलं की वर्षभर ती एकमेकांचं तोंड बघत नव्हती. तेव्हापासून ठरलं, जितकी माणसं तितकेच तुकडे. मोठी शनिवारी घरोघरी फिरून कोण आजारी, कोण परगावी, ते विचारून यायची आणि मोजून तुकडे कापायची. तिचा आकडा कधी चुकला नाही. दुसरा नियम असा, की शेवटच्या माणसाच्या हातात तुकडा पडेपर्यंत कोणी खायचं नाही, सगळ्यांनी एकदम. ताट फिरवायचं काम माझं. आधी पाळक, मग बाकं, मग मी, आणि सगळ्यांत शेवटी पाव करणारी.

एकोणीस वर्षं मोठीने दोनच गोष्टी मागितल्या. मला ठाऊक आहे, कारण ती प्रार्थना मोठ्याने करते. एक, खरं काय ते बाहेर येऊ दे. दोन, माझ्या धाकटीला पापातून सोडव, तिचं तारण कर.

या वर्षी धाकटी परत आली. नवरा वारला होता, केस पांढरे झाले होते. उपासनेला येऊन दाराजवळ बसायची. मोठी तिला ओळख द्यायची नाही. आणि एका रविवारी, गाणं संपल्यावर, धाकटी उठून पुढे गेली आणि तिने सगळं सांगितलं. जाळी मी काढली होती. घाई होती. घाबरले आणि ताईचं नाव घेतलं. या गेल्या महिन्यात प्रभूने मला धरलं, मी त्याच्यापुढे कबूल केलं, त्याने मला क्षमा केली, माझ्या मनावरचा धोंडा उतरला. असं म्हणाली आणि खरंच तिचा चेहरा उजळला होता, ते मी नाकारत नाही.

मग काय विचारता! सगळी मंडळी उठली. कोणी तिला जवळ घेतंय, कोणी गातंय, कोणी रडतंय. एकोणीस वर्षं जिला जाळीवाली म्हटलं ती मागच्या बाकावर बसली होती, पण तिकडे कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. धाकटी हात पसरून तिच्याकडे गेली तेव्हा मोठीने पिशवी उचलली आणि बाजूच्या दाराने निघून गेली.

मी मात्र आतून पेटलो होतो. बोटं माझी गेली! आणि क्षमा तर मी एकदा देऊन बसलो होतो. ती चुकीच्या पत्त्यावर गेली म्हणून आता दुसरी द्यायची की काय?

संध्याकाळी मी बाकं सरळ करत होतो तेव्हा मोठी पाळकांना भेटायला आली. पाळक भला माणूस. म्हणाले, "ताई, बघा, तुमच्या दोन्ही प्रार्थना ऐकल्या त्याने."

"ऐकल्या," मोठी म्हणाली. "दोन्ही एकदम दिल्या आणि दोन्ही तिच्याच पदरात टाकल्या."

"त्याने तिला निवडलं होतं, ताई. जग व्हायच्या आधीपासून. आपण कोणी लायक असतो म्हणून थोडंच निवडतो तो?"

"म्हणजे तिने जाळी काढली, तेव्हाही ती निवडलेलीच होती?"

"हो."

"माझं नाव घेतलं, तेव्हाही?"

पाळकांनी चष्मा काढून पुसला. "हो, ताई. तेव्हाही."

"अपराध तिने माझा केला. क्षमा त्याने केली. मला कोणी विचारलं?" मोठीचा आवाज चढला नव्हता, पण मला बाक खाली ठेवायचं सुचेना. "मी त्याच्या भरवशावर एकोणीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. वाटलं, एक दिवस तो माझ्या बाजूने उभा राहील. राहिला तो तिच्या बाजूने. बहिणीने फसवलं ते मी सोसलं. याने फसवेल असं वाटलं नव्हतं."

  

पुढच्या दिवसांत धाकटी दोनदा मोठीच्या दारात उभी राहिली. मोठीने दार उघडलं नाही. आणि पहिला रविवार आला. त्या दिवशी धाकटीला मंडळीत घेणार होते, म्हणजे तीही प्रभूच्या भोजनाला बसणार होती, मोठीने मळलेला पाव खाणार होती. आम्ही सगळे चौतीस, धाकटी पस्तीसावी. पाव येतो की नाही, यावरच सगळ्यांची कुजबुज चालली होती.

पाव आला. नेहमीसारखा पांढऱ्या कापडाखाली, सारखे तुकडे कापलेला. मी ताट उचललं. पाळकांनी घेतला. एकेक बाक घेत गेलं. दाराजवळच्या बाकावर धाकटीने तुकडा उचलला, तेव्हा ताट मागे ओढावंसं वाटलं, तरी मी ते सरळ धरलं. मग शेवटी माझा तुकडा घेतला आणि सवयीने मोठीपुढे ताट धरलं.

ताट रिकामं होतं.

मोठी ताटाकडे बघत राहिली. मी कापड उचलून खाली बघितलं, जसा काही तुकडा तिथे लपून बसणार होता. पाळक हात वर करून थांबले. सगळे आपापला तुकडा धरून थांबले. कोणाचं तरी लहान पोर म्हणालं, "कधी खायचं?" आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं. माझ्या हातात माझा तुकडा होता. तो द्यावा असं माझ्या मनात आलं का? आलं असतं तर बरं झालं असतं.

धाकटी उठली. बाकांमधून चालत आली, स्वतःचा तुकडा मधोमध मोडला आणि अर्धा पुढे केला. "ताई," एवढंच म्हणाली. मोडताना चुरा खाली पडला होता. मोठीने त्या चुऱ्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे, मग समोर थांबलेल्या आम्हा सगळ्यांकडे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलं नाही. मी तिला त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं.

तिने तो अर्धा तुकडा घेतला. "जा, बस जागेवर," म्हणाली, लहानपणी सांगत असेल तसं. आणि आम्ही सगळ्यांनी खाल्लं.

उपासना संपल्यावर मागच्या खोलीत ती ताट धूत होती. मी विचारलं, "ताई, आकडा चुकला कसा?"

"चुकला नाही. पस्तीसावा मी कापलाच नाही. म्हटलं, त्याला तिला आत घ्यायचंय तर घेऊ दे. माझ्या हातून नाही."

"अहो, पण शेवटी तर तुम्हीच असता!"

"ते ताट समोर आल्यावर आठवलं." ती स्वतःशीच हसली, पण त्या हसण्यात मजा नव्हती. "पाव माझा असतो रे. ताट त्याचं. कोणाला वाढायचं ते तो ठरवतो, मला विचारून नाही. मला हे पटलेलं नाही. पण त्या ताटाशिवाय मी जाऊ कुठे?"

"मग धाकटीला माफ केलंत?"

"देवाचं करून झालं. माझं नाही झालं. झालं की तिला सांगेन, तुला कशाला सांगू?"

मला चेव आला. म्हटलं, मला तर त्या बाईचं तोंड बघवत नाही, तुमच्यापुढे नाक घासायचं सोडून आधी देवाकडे धावली, केवढा हा दगा, असं बरंच काही. मोठीने नळ बंद केला आणि ओले हात तसेच ठेवून माझ्याकडे वळली.

"तू मला क्षमा केली होतीस."

"हो, पण तेव्हा..."

"ती परत घे." तिचा आवाज फाटला. "ती पोर होती, भ्यायली आणि बोलली. तू सहा वर्षं माझ्या शेजारी उभा होतास. मी त्या जाळीला कोणाला हात लावू देत नव्हते, हे तुला माहीत होतं. तू मला एकदा विचारलं नाहीस. थेट क्षमा केलीस, चारचौघांत. एकोणीस वर्षं तुझी ती क्षमा माझ्या डोक्यावर आहे. मला नकोय. जिथे दिलीस तिथून परत घे."

  इतके दिवस मी दगा देणाऱ्यांची नावं मोजत होतो आणि त्यांत माझं नाव धरलंच नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठीने पाव कापून आणला नाही. अख्खाच ताटात ठेवला. म्हणाली, तोडा ज्याचा त्याने. पाळकांनी हळूच विचारलं, उरला तर? "उरू दे," मोठी म्हणाली आणि मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसली. धाकटी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला होती. मध्ये तीन माणसांची जागा रिकामी होती.

गाणं संपलं तसा मी उठलो आणि एकोणीस वर्षांपूर्वी उभा होतो तिथेच जाऊन उभा राहिलो. हात छातीशी जायला लागला, तो खाली घेतला.  कसाबसा म्हणालो, की मी ताईंना जी क्षमा केली होती ती मी परत घेतो, त्यांनी काही केलंच नव्हतं, आणि क्षमा मागायला हवी होती ती मी.

"मोठ्याने बोल," मागून मोठीचा आवाज आला. "इथे ऐकू येत नाही."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.