गुंडप्पाच्या पिकअपची पायरी

अप-डाऊन करणाऱ्या बायकांना किस्से गोळा करावे लागत नाहीत. रोज तीच गाडी, तीच सीट, तोच रस्ता. किस्से आपोआप साचतात आणि लोणच्यासारखे मुरत जातात. आम्ही पाचजणी लातूरहून रेणापूरच्या पुढं एका गावच्या शाळेत जायचो. आता बदल्यांनी आम्हाला पांगवलंय. मी नांदेडला आले, लोह्याजवळच्या शाळेत. पण मोबाइलवर आमच्या ग्रुपचं नाव अजून 'पिकअप'च आहे. कुणी ग्रुपवर नुसतं "पायरी" असं लिहिलं तरी मला भर वर्गात हसू येतं.

गाडी गुंडप्पाची. गुंडप्पा मूळचा देवणीचा. डबल केबिनचा पिकअप, पुढं आम्ही आणि मागच्या हौद्यात पेंडीची पोती. गाडी एवढी उंच, की नेसत्या साडीत चढायचं म्हणजे एक कसरतच! त्यासाठी तो निळा प्लास्टिकचा स्टूल ठेवायचा.

* * *

आमच्यात सगळ्यात मोठ्या मुळेबाई. कायम पहिलीचा वर्ग. गावातल्या निम्म्या लोकांचा हात धरून त्यांनी पाटीवर 'ग' गिरवलेला. रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलं होतं आणि गुडघे त्याआधीच रिटायर झाले होते.

एके दिवशी स्टूल कलंडला. गुंडप्पानं चटकन बाईंचा दंड धरला. बाईंनी तो झटकला, दाराला लोंबकळत कशाबशा चढल्या आणि सीटवर बसून घाम पुसत म्हणाल्या, "मला उचलून गाडीत घालायची वेळ आली ना, की त्याच दिवशी राजीनाम्याचा अर्ज देईन. उचलून आणलेली बाई पोरांना काय उभं राहायला शिकवणार?"

घरी बाई एकट्या. शाळा सुटली तर दिवसभर भिंतींशीच बोलायचं, हे आम्हा चौघींनाही माहीत होतं. गुंडप्पा आरशात बघत गाडी चालवत राहिला.

* * *

पुढच्याच रविवारी तो नांदेडला गेला. तिथल्या एका दुकानात गाड्यांना मोटरच्या पायऱ्या बसवतात. दार उघडलं की कुर्रर्र करत पायरी बाहेर, दार लावलं की आत. दुकानदारानं आधी गुंडप्पाकडं बघितलं, मग हौद्याकडं.

"मामू, ये तो शौकीन लोगां लगाते. तुम्हारे हौदे में तो पेंड के पोते हैं!"

गुंडप्पा म्हणाला, "पोते मी उचलतो, भाई. म्याडमला उचलता येत न्हाई."

हे त्यानं आम्हाला फार नंतर सांगितलं. बाईंना मात्र त्यानं ठोकून दिलं, "आमच्या मायचे गुडघे लई दुखतेत, म्हणून बसविली."

* * *

मग पायरीची पूजा! त्यासाठी गुंडप्पाची आई खास देवणीहून आली. सकाळी लातुरात, आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीसमोर, तिनं पायरीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, फुलं वाहिली, नारळ फोडला. आणि आम्हाला म्हणाली, "आता हिच्यावर पाय दिऊ नगा माय. लक्ष्मी हाय."

झालं! पाय ठेवण्यासाठी आणलेली पायरी, आणि तिच्यावरच पाय द्यायचा नाही! आमच्यातली सगळ्यात लहान सुजाता, तिनं साडी खोचून पायरी ओलांडून थेट आत उडी मारली. बाकीच्या आम्ही एकमेकींची तोंडं बघत उभ्या.

मुळेबाईंनी चप्पल काढली. वाकून पायरीला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि म्हणाल्या, "देवळाच्या पायरीला आधी हात लावतो, मग पाय देतोच की हो." आणि कुणाचा हात न धरता चढून बसल्या.

म्हातारीला ते पटलं. "हाव की!" म्हणाली. पण तिला स्वतःला मागं पोत्यांपाशी बसायचं होतं. तिनं लुगडं खोचलं, टायरवर पाय दिला आणि एका दमात हौद्यात चढली!

बाईंनी गुंडप्पाकडं बघितलं. गुंडप्पा टायरमधली हवा बघायला लागला.

* * *

त्या दिवसापासून चप्पल काढून चढायची रीतच पडली. पहिल्याच आठवड्यात आम्ही शाळेपाशी उतरलो तर पाचहीजणी अनवाणी! चपला लातुरात, टपरीसमोर रस्त्यावर. टपरीवाल्यानं पाचही जोड ओळीनं मांडून वर ताडपत्री टाकून ठेवली होती, हे संध्याकाळी कळलं.

पहिलीतल्या एका पोरीनं बाईंच्या पायांकडं बघून विचारलं, "बाई, तुमची चप्पल कुठंय?"

"लातूरला."

पोरीनं वाकून बाईंचे तळवे बघितले. मग म्हणाली, "बाई, इतक्या लांब चालत आलाव?"

* * *

गावात पायरीचं कौतुक फार. गाडी यायच्या आधीच पोरं फाटकापाशी जमायची. एरवी अकराला उगवणारी पोरंसुद्धा दहाला हजर! मुळेबाईंनी लगेच नियम केला, "जो पाढा म्हणेल, त्यानं दार उघडायचं आणि लावायचं."

दोनचा पाढा झाला, पाचचा झाला, दहाचा झाला. गाडी फाटकापाशी उभी असेतो कुर्रर्र बाहेर, कुर्रर्र आत. दिवाळीच्या आसपास गुंडप्पा हात जोडून वर्गाच्या दारात आला.

"बाई, पाया पडतो, वीसच्या पुढं शिकवू नगा. बॅटरी उतरायलीय!"

* * *

एकदा तालुक्याचे एक साहेब तपासणीला आले होते. जाताना एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, अशा थाटात उभं राहून त्यांनी आम्हाला वेळेचं महत्त्व सांगायला घेतलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. गाडीत आधीच बसलेल्या सुजाताला ऊन लागत होतं, तिनं हळूच दार ओढलं. पायरी निघाली आत! साहेब एका पायावर दोन उड्या मारून फाइलसकट सावरले.

गुंडप्पा अगदी अदबीनं म्हणाला, "माफ करा सायेब. पायरी सरकारी न्हाई, टायमावर जाती."

* * *

पावसाळ्यात मात्र तिनं रडवलं. आपली काळी माती तुम्हाला माहीतच आहे, एकदा चिकटली की सोडत नाही. गुंडप्पानं आमच्या घरचे जुने टूथब्रश मागून घेतले होते. रोज गाडीखाली झोपून तो पायरीचे सांधे घासायचा. टपरीवाला त्याला दातांचा डॉक्टर म्हणायचा.

आषाढातल्या एका सकाळी दार उघडलं आणि पायरी आलीच नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा नाही. नुसती आतून कण्हली. स्टूल तर केव्हाच मोडून गेला होता. मुळेबाई दाराशी उभ्या, चेहरा एकदम उतरलेला. रिटायरमेंटला अजून आठ महिने होते. दोघींनी धरलं असतं तर त्या मिनिटात आत गेल्या असत्या. पण हात पुढं करायची हिंमत आमच्यातल्या एकीचीही झाली नाही.

गुंडप्पा तसाच चिखलात आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. पाऊस सुरूच. बाईंनी आपली छत्री त्याच्या बाहेर राहिलेल्या पायांवर धरली आणि स्वतः भिजत उभ्या राहिल्या. पाऊण तास! समोरून रेणापूरची एसटी गेली, त्यात जागाही होती. कुणी हललं नाही.

शेवटी कुर्रर्र आवाज आला. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नाही.

शाळेत मुख्याध्यापक हजेरी घेऊन बसलेलेच. "मुळेबाईंचं समजू शकतो मी. पण तुम्ही चौघी एसटीनं का नाही आलात?"

सव्वीस वर्षांची सुजाता खाली मान घालून म्हणाली, "सर, आज आमचेपण गुडघे दुखत होते."

सरांनी एकेकीकडं बघितलं आणि हजेरी मिटली.

* * *

मग तो दिवस आला. निरोप समारंभाला अख्खं गाव लोटलं. ज्यांना बाईंनी पहिलीत शिकवलं होतं, ते आता नातवंडांना कडेवर घेऊन आले होते. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. बाई स्वतः दोनच वाक्यं बोलल्या आणि रडल्या नाहीत. आम्हीच रडलो, मुख्याध्यापकांसकट.

बाई फाटकाबाहेर आल्या. गुंडप्पानं दार उघडलं. पायरी बाहेर आली, अगदी झोकात, पूर्ण. पण बाई तिच्यापुढं येऊन थांबल्या, पाय काही उचलेनात. आम्हाला वाटलं, बिघडली काय आजच! गुंडप्पा घाईघाईनं खाली वाकून बघायला लागला.

"वर ये. पायरी चांगली आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला हात त्याच्यापुढं केला. "धर रे मला, गुंडप्पा. लई दिवस एकटीच चढले."