हिरव्या पडद्याची नाजिया

अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या नाजियाला कुणी विचारलं, "तू काय काम करतेस?" तर ती म्हणायची, "यंत्रांची नाडी पाहते." तिचे अब्बा, अब्दुल सत्तार, मोटारींचं वाइंडिंग करायचे. जळकी मोटार हुंगत, तिला शिव्या देत लेक मोठी झाली आणि पॉलिटेक्निक करून एका कंपनीत लागली. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या एकोणीस जिनिंग गिरण्यांमधल्या यंत्रांवर तापमान मोजणाऱ्या सेन्सरचे डबे बसवलेले. त्यांचे आकडे तिच्या सर्व्हरवर यायचे आणि तिच्या नि मालकांच्या पडद्यावर दिसायचे. ते थांबू न देणं, हरवू न देणं ही तिची जबाबदारी.

तेल्हाऱ्याच्या जिनिंगचे मालक खुशालराव यांना मात्र हे थोतांड वाटे. "आमी तीस वर्षं जिनिंग चालवून राहिलो. कोनतं बेअरिंग तापलं थे वासावरून सांगतो. तुया डब्याले नाक आहे काय?"

"नाक नाही काका, पन सर्दीबी होत नाही त्याले," नाजिया म्हणायची.

डिसेंबरातली दुपार. हंगाम जोरात. नाजिया जेवणाचा डबा उघडून पोळी-भाजी खात होती, नजर पडद्यावर. सगळं हिरवंगार. तेल्हारा, सात नंबर जिन, बेअरिंग एकेचाळीस अंश. तिनं दुसरी पोळी संपवली, तरी एकेचाळीसच. पाणी प्यायली, तरी एकेचाळीस. तिनं डबा बाजूला सारला. चालतं यंत्र असं एका आकड्यावर कधी बसतं का?

तिनं फोन लावला. तिसऱ्या खेपेला खुशालरावांनी उचलला.

"काका, सात नंबर बंद करा. आत्ता!"

"कावून? सगळं हिरवं दिसून राहिलं ना?"

"हिरवंच दिसते, म्हनून तर! आधी बंद करा, मंग मले बोला."

कुरकुरत का होईना, त्यांनी जिन बंद करायला लावला. रुई गोळा करणारी जमुना जवळ गेली आणि हात मागे घेत ओरडली, "मालक, भट्टी झाली याची!" बेअरिंगभोवतीची रुई करपून काळी पडली होती. आणखी थोडा वेळ गेला असता, तर शेजारच्या कापसाच्या गंजीला आग लागली असती.

तासाभरात नाजिया गाडीनं पोचली. सेन्सरच्या डब्याचा प्लग काढलेला, आणि त्या जागी खुशालरावांचा मोबाइल चार्जिंगला. म्हातारा शरमला. "म्याच काढला व, पोरी. मले वाटलं, घडीभरात काय होते!"

"काका, निम्मी चूक माझी," नाजिया म्हणाली. वीज जाऊन पडदा कोरा झाला की मालक उगीच घाबरतात, म्हणून शेवटचा आकडा पडद्यावर तसाच ठेवायची सोय तिनंच केली होती. शिळा आकडा ताजा म्हणून वाढला होता तिनं.

कंपनीच्या अमरावतीच्या ऑफिसातल्या कुलदीप साहेबांना तिनं जसं घडलं तसं लिहून पाठवलं, स्वतःच्या चुकीसकट. साहेब आधी चिडले, मग म्हणाले, "बरं, उपाय सांग." आठवडाभर खपून तिनं बदल केले. प्रत्येक डब्याला बॅटरी; नेटची लाइन तुटली तर आकडे डब्यातच साठणार; आणि मिनिटभर नवा आकडा आला नाही, की पडदा करडा होऊन भोंगा वाजणार.

तेल्हाऱ्यात पडद्यापुढं कुणाला बसवायचं, असा प्रश्न आला. नाजियानं जमुनाचं नाव सांगितलं. खुशालरावांनी मिशी खाजवली.

"तिले जमन काय?"

"मिनिटभर नवा आकडा आला नाही तं सांगाचं, येवढंच ना? मले घड्याळ वाचता येते, मालक," जमुना म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.