चार महिन्यांचे पान

अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि अकोल्याच्या तहसील कचेरीबाहेर माझ्या टेबलापुढे पदवीधरही ताटकळत उभे राहत, हे येथे नमूद करणे आवश्यक समजतो. पत्नी ऑपरेशन थिएटरमधील परिचारिका. तिच्या नोकरीमुळे आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेस, ट्रुगानिनाला स्थायिक झालो. तेथेही कौन्सिलला, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेला, वा घरमालकाला लिहावयाचे झाले की आपली माणसे माझ्याकडेच येत. इंग्रजी त्यांची मुले करून देत. बांधणी माझी असे.

महामारी आली त्या वर्षी पत्नी आजारी आईला भेटण्यास तीन आठवड्यांकरिता अकोल्यास गेली, आणि सीमा बंद झाल्या. तिला परतीच्या विमानात जागा मिळेना. आणि सरकारच्या परवानगीवाचून मला देश सोडता येईना. दिवसातून एक तास फिरण्याची मुभा होती. तो तास मी आमच्या वसाहतीतल्या तळ्याभोवती घालवी व घरी येई. गॅरेजच्या दाराशी तिचे ड्युटीचे पांढरे बूट होते. ते मी हलविले नाहीत.

तिच्या उशाशी एका जर्मन सर्जनचे इंग्रजी चरित्र असे. फोनवर ती म्हणाली, "रोज काय जेवलात तेच विचारून कंटाळा आला. ते पुस्तक वाचून दाखवा की. तुमच्या त्या कचेरीच्या मराठीत."

तेव्हापासून रोज दुपारी दोन वाजता, म्हणजे अकोल्याच्या साडेनऊला, शब्दकोश जवळ घेऊन मी वाचू लागलो. सर्जन पाद्र्याचा मुलगा. वडील लहानपणीच वारलेले. ओढा संगीताकडे, परंतु घरच्यांनी डॉक्टरकीस घातले. पुढे मोठे नाव झाले, फ्रान्सशी युद्ध झाले तेव्हा जखमींमध्ये जाऊन राहिला; पण संध्याकाळी मित्र जमवून वाद्य वाजविणे त्याने सोडले नाही.

"आमच्याकडचा तो बुटका सर्जन पोट शिवताना गुणगुणतो," ती म्हणाली. "सूर पार वाकडा. टाके मात्र सरळ."

असे आमचे चालले होते. मग मेलबर्नचा हिवाळा सरता सरता तिने एका दुपारी पुस्तक बाजूला ठेवावयास सांगितले. तिच्याच जठरात गाठ निघाली होती. ऑपरेशन पंधरा दिवसांवर होते.

त्याच संध्याकाळी मी परवानगीचा अर्ज लिहिला. कचेरीबाहेरचा आमचा दंडक असा की अर्ज वजनदार हवा, आणि घरच्या बाईचे दुखणे साहेबापुढे उघडे करावयाचे नाही. त्यानुसार प्रथम माझी समाजातील प्रतिष्ठा, मग सासऱ्यांच्या शेताच्या फेरफारास माझ्या उपस्थितीची निकड, अशी अकरा कलमे मी मांडली. पत्नीची "अस्वस्थ प्रकृती" नवव्या कलमात होती. सहाव्या दिवशी उत्तर आले: प्रवासाचे सबळ कारण दिसून येत नाही.

पत्नीला मी सांगितले, काम मार्गावर आहे.

नेमके त्याच दिवशी चरित्रात ते प्रकरण आले. सर्जनने एका बाईच्या जठराचा रोगट भाग कापून काढला व उरलेले जोडले. तत्पूर्वी ते कोणालाही साधले नव्हते.

"मग? त्या बाईचं काय झालं?" तिने विचारले.

"बरी झाली. घरी गेली."

"आणि?"

"आणि काय? घरच्यांना आनंद झाला. प्रकरण संपले."

ती म्हणाली, "अहो, ते पुस्तक मी दोनदा वाचलंय. चार महिने जगली ती. रोग परत आला. त्याच पानावर आहे."

"तुला उगाच त्रास नको म्हणून..."

"इतकी वर्षं थिएटरमध्ये उभी राहिले, मला गाळलेलं कळत नाही? त्या माणसाने आपले दगावलेले पेशंटसुद्धा छापून टाकले. आणि तुम्ही माझे चार महिने खाल्लेत." मग एकाएकी म्हणाली, "अर्जातही असंच केलंत ना? माझं कितव्या नंबरला आहे?"

"नवव्या."

"बाबांच्या शेताच्या खाली?" ती इतकी हसली की पोट दुखू लागले, आणि मग त्या दुखण्यानेच ती गप्प झाली.

फोन ठेवून मी नवा कागद घेतला. माझ्या पत्नीच्या जठरात कर्करोगाची गाठ आहे. ऑपरेशन नऊ दिवसांनी आहे. ती वाचेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. मला तिच्याजवळ जावयाचे आहे. इतका उघडा अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. सही करताना मला लाज वाटली.

परवानगी पाचव्या दिवशी आली. विमानातील जागा मात्र ऑपरेशननंतरच्या आठवड्याची मिळाली.

ऑपरेशनच्या सकाळी तिने वॉर्डातून फोन केला. "ते पान वाचा. सगळं." मी एकही शब्द न गाळता वाचले. चार महिने आले तेथे मी थांबलो. "पुढे," ती म्हणाली. मध्येच स्ट्रेचर आले असावे, कारण फोन तिच्या भावाच्या हाती गेला. तिला आत नेल्याचे त्याने सांगेपर्यंत मी वाचतच होतो.

ऑपरेशन निभावले. मी अकोल्यास पोहोचलो तेव्हा ती घरी आली होती. परंतु बाहेरून आलेल्यास सात दिवस वेगळे राहणे भाग होते. मला माडीवरची खोली दिली. ती खाली, बरोबर माझ्या खाटेखालच्या खोलीत. पेजेची वाटी ठेवल्याचा आवाज येई, तिचे कण्हणे येई. दुपारी आम्ही फोन लावीत असू. तिचे बोलणे मला दोनदा ऐकू येई, आधी जिन्यातून व मागाहून फोनमधून. मी फोन कानापासून दूर धरू लागलो, जिन्यातले तेवढे ऐकावे म्हणून.