घामाचं कारण

"ती मूठ पुसून घे रे सॅनिटायझरनं," साहेब शिपायाला म्हणाले.

मी नुकतीच गोल्फची स्टिक पिशवीत ठेवली होती. साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. लातूरच्या बाहेर शाळा, शाळेमागे त्यांचीच जमीन, त्यावर नवं गोल्फचं मैदान. माझ्या आधी साहेबांचे दोन डॉक्टर मित्र त्याच स्टिकनं खेळले होते. तेव्हा कुणी काही पुसलं नव्हतं. साहेब माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "तुमच्या हाताला घाम लई येतो, सर. दुसरं काही न्हाई."

दुसऱ्या दिवशी मला एक जुनी स्टिक मिळाली. मुठीला निळी टेप. ती पिशवीत ठेवायची नाही, बाहेर जाळीला टेकवून ठेवायची.

मी त्या शाळेत खेळाचा शिक्षक. कंत्राटी. कबड्डीवर वाढलेला माणूस, गोल्फ टीव्हीवरसुद्धा धड पाहिलेला नाही. पण साहेबांच्या मनात आलं, पोरांना गोल्फ शिकवायचा. सरांनी आधी शिकायचं, जमलं तर कायम करू. 'कायम' या शब्दासाठी माणूस काय काय गिळतो, ते पगारी रजा घेणाऱ्याला सांगून कळायचं नाही.

रोज सकाळी जायचो. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी, या गवताला रोज टँकर. मी स्टिक फिरवायचो. चेंडू जागेवर, मातीचं ढेकूळ पुढं. डॉक्टर हसायचे, मीही हसायचो. शिकताना हे चालायचंच. त्या हसण्याचं मला कधी काही वाटलं नाही. टेपची स्टिक मात्र जेवतानाही डोळ्यांपुढे यायची.

आणि मी काय केलं? घामावर विश्वास ठेवला. साबणानं हात धुवून जायचो. पावडर लावायचो. खिशात दोन रुमाल. शेवटी त्वचेच्या डॉक्टरला तळवे दाखवले. ते म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." मला तिथंच रडू आलं. मला काहीतरी झालेलं असायला हवं होतं.

थंडी पडली. एका सकाळी बोटं गारठून गेली. तळवे कोरडे, भेगा पडलेले. साहेब खेळून घामाघूम होऊन उभे होते. मी त्यांच्यापुढे दोन्ही हात पसरले.

"साहेब, घाम नाही. बघा."

त्यांनी पाहिलं नाही. "असू द्या, सर. सवय लागलीय, ती बरी हाय."

तिथं माझ्या डोळ्यांवरची झापड उडाली. जळकोटकडच्या माझ्या गावात आमचं घर कोणत्या बाजूला, हे त्यांनी मुलाखतीतच विचारून घेतलं होतं. मी टेपची स्टिक गवतावर टाकली. पिशवीत हात घातला. साहेबांनी आत्ताच ठेवलेली स्टिक काढली. मूठ ओली होती. मारली. चेंडू जेमतेम चार हात गेला. या वेळी कुणी हसलं नाही.

"उद्यापासून शाळेतही येऊ नका," साहेब म्हणाले.

गावी जाऊन माझ्या बाला सांगितलं. वाटलं होतं, पाठीवर हात ठेवील.

"आमच्या वक्ताला हाटेलात आमचे कप भाईर पत्र्यावर ऱ्हायचे," बा म्हणाला. "आपुनच धुवून ठिवायचे. तुला आत तर घेतलं हुतं की. जा, माफी माग."

बावर मी चिडलो नाही. त्या कपातून चहा पिऊनच त्यानं आम्हाला वाढवलं. पण तो बोलत होता तेव्हा मला माझ्या शिक्षणाची, पदवीची, सगळ्याचीच किळस आली. जगायचं तरी कशाला, असं झालं.

मग शिपायाकडून निरोप आला. "साहेब म्हन्ले, या परत. तुमची स्टिक हाय तिथंच हाय." घरात दोन लेकरं. जावं वाटलं. फार वाटलं.

पण मी पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "हे तर घामाचं भांडण दिसतंय. मिटवून टाका की."

"घामाचं नाही. जातीचं आहे. तसंच लिहा."

त्यानं पेन खाली ठेवलं. मी समोरच्या बाकावर बसलो. संध्याकाळी उठवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलो. आता रोज जातो. घरी तोंड दाखवायची हिंमत होत नाही, तरी जातो. नोकरी त्यांनीच काढून घेतली, माझ्याकडे आता वेळच वेळ आहे. तो शब्द कागदावर आल्याशिवाय मी ते बाक सोडणार नाही.